बैल कोणी उचलायचा

पांढरकवडा
१२ नोव्हेंबर १९६०

प्रिय बाई,

तुला आणि उकंडा भाऊजींना जयभीम.

मला नोकरी लागली. हसू नकोस, या वेळी खरीच लागली. हैदराबाद रस्त्यावर गावाबाहेर जी बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे ना, तिथे एक प्रोफेसर राहायला आले आहेत. तिकडे उत्तरेत कुठल्याशा कॉलेजात होते. तिथल्या लोकांना आपली बुद्धी झेपली नाही म्हणून काढून टाकलं, असं ते स्वतःच सांगतात. मी त्यांचा मदतनीस. मला पांढरा कोट मिळाला आहे. आपल्या घरात पांढरा कोट घालणारा मी पहिलाच. गावी जाऊन बाबांना दाखवला, तर त्यांनी बाही हातात धरून उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "चांगला हाय. मयू देऊ नोको बाप्पा."

काम संशोधनाचं आहे. साहेबांचं म्हणणं असं, की ताकद हा एक रस आहे. बलवान जनावराच्या रक्तातून, ग्रंथींतून तो काढायचा आणि दुबळ्याला टोचायचा. मग दुबळं कोणी उरणारच नाही. सध्या बैल आणि रेडे चालू आहेत. बरण्यांत काय काय ठेवलं आहे ते लिहीत नाही, तू जेवत असशील. साहेब मात्र फार बेफिकीर. ज्या सुरीने आतडी कापतात तिनेच पेरू कापून खातात. परवा काचेवर सांडलेला थेंब त्यांनी बोटाने उचलून चाटला आणि डोळे मिटून म्हणाले, "अजून कच्चा आहे." पहिल्या दिवशी मला ओकारी झाली. आता सवय झाली.

बोलण्याच्या ओघात मी भाऊजींची गोष्ट सांगितली. गेल्या श्रावणात राजूरच्या खाणीत छत खचलं, तेव्हा भाऊजी आडवं लाकूड खांद्यावर घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या पायांमधून नऊ माणसं सरपटत बाहेर पडली, हे ऐकून साहेबांच्या हातातली नळी खाली पडून फुटली. म्हणाले, "बैल कशाला मग? मला हा माणूस आण." नुसते तपासतील ग. वजन, छाती, दंड, थोडं रक्त. भाऊजींना पाठवशील ना?

तुझा
देवराव

---

राजूर
२० नोव्हेंबर १९६०

देवराव,

जयभीम. पत्र मी भाकरी थापताना वाचलं आणि त्या दिवशी माझ्या घशाखाली घास गेला नाही. पेरू काय खातो, चाटतो काय! शी! आमच्या चाळीतली मांजरसुद्धा आधी हुंगून बघते. तुझ्या कागदालाही कसलासा वास होता. मी तो चुलीच्या कडेला ठेवून चिमट्याने उलटून वाचला.

तुझे भाऊजी ठणठणीत आहेत, पण त्यांना सवड नाही. रविवार आला की दारात जत्रा. बाया लेकरं आणतात आणि लेकराचा हात त्यांच्या दंडाला लावून नेतात. कोणी 'पोलादी उकंडा' म्हणतं. एक तंबूवाला येऊन गेला, छातीवर हत्तीचा पाय ठेवून घेता का म्हणून. त्याला मी केरसुणी दाखवली. तुझ्या प्रोफेसरालाही तीच दाखवीन, सांग त्याला.

आणि एक विचारते, सरळ उत्तर दे. तुमच्याकडे एवढे बैल मरतात, ते उचलतं कोण? छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी ढोर ओढायचा दोर साऱ्या वस्तीसमोर जाळला होता. तू तेव्हा वीस वर्षांचा होतास, विसरला नसशील. पाटलाचा बैल पाच दिवस गोठ्यात सडला. गावाने आपला किराणा बंद केला, विहिरीवर माणूस बसवला, पण वस्तीतला एकही जण त्या बैलाला शिवला नाही. मग तुमच्या त्या जिनिंगीतले बैल काय उडून जातात?

इंदू

---

पांढरकवडा
२८ नोव्हेंबर १९६०

प्रिय बाई,

तू तर पोलीस जमादारासारखी उलटतपासणी घेतेस. मेलेली जनावरं नेणारा ठेकेदार आहे. तो येतो आणि नेतो. मी तिकडे बघतही नाही.

राग मानू नकोस, पण तुझी ही शिसारी मला पटत नाही. आपण देवदेवस्की सोडली, अंगारे-धुपारे सोडले, भुताखेतांना हाकलून दिलं. आता बरणीतल्या मांसाला शी म्हणायचं, रक्ताला छी म्हणायचं, हे तेच जुनं भूत नव्हे का? कशाला शिवायचं आणि कशाला नाही, हेच शिकवून शिकवून लोकांनी आपल्याला गावाबाहेर ठेवलं. विज्ञानात काही घाण नसतं, असं साहेब म्हणतात आणि मला ते मनापासून पटतं. ते माझ्या हातचा चहा पितात बाई. पांढरकवड्यात असे किती आहेत?

भाऊजींना मी वेगळं पत्र टाकलं आहे. कोणाकडून तरी वाचून घेतील. साहेबांनी त्यात दोन ओळी लिहिल्या आहेत, की त्यांचा रस थकलेल्या माणसालाही पुन्हा उभा करतो. भाऊजींना त्याची काय गरज म्हणा! पण जगाला आहे.

देवराव

---

राजूर
१० डिसेंबर १९६०

देवराव,

घाईत लिहिते आहे. तुझे भाऊजी सोमवारी नजीरच्या ट्रकमधून गेले. नजीर म्हणजे इथून कोळसा भरून पांढरकवड्याला नेतो तो. छताखालून निघालेल्या नऊ जणांत त्याचा भाऊ होता, म्हणून तो यांना फार मानतो. मला सांगून गेले, की बाबांना भेटून तीन दिवसांत येतो. आज शनिवार. बाबांकडे माणूस पाठवला, तर तिथे पोचलेच नाहीत. नजीर दुसऱ्या फेरीला गेला आहे, तो आल्याशिवाय विचारायचं कोणाला?

तुझ्याकडे आले आहेत का? त्या माणसाकडे तर नाही ना नेलंस? उलट टपाली कळव.

इंदू

---

पांढरकवडा
१३ डिसेंबर १९६०

प्रिय बाई,

काळजी सोड. भाऊजी इथे आहेत आणि मजेत आहेत; डावा पाय जरा ओढतात, ट्रकमध्ये बसून आखडला म्हणाले. तुला सांगितलं नाही, कारण तू येऊ दिलं नसतंस, एवढंच.

साहेब तर आनंदाने वेडे व्हायचे बाकी आहेत. रात्रंदिवस आकडे मांडतात. त्यांच्या हिशेबाने भाऊजींच्या एका दंडात बारा माणसांचं बळ आहे. अजून कुठलं वजन उचलायला लावलेलं नाही. साहेब म्हणतात, रस आधी काढायचा, हालचालीने तो पातळ होतो. म्हणून भाऊजींना मागच्या सरकीच्या खोलीत ठेवलं आहे. एक दिवसाआड सकाळी रक्त काढतात, आजवर चार बाटल्या झाल्या. मी प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून चिठ्ठी डकवतो. साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

साहेब खोलीला बाहेरून कडी घालायला सांगतात. मला हसूच येतं. पत्र्याचं दार, त्याला एक गंजकी कडी! ज्याने खाणीचं छत धरलं त्याने नुसती पाठ टेकवली तरी दार रस्त्यावर जाऊन पडेल. मी रोज बाहेरून ओरडतो, "भाऊजी, दार तोडू नका हं, पत्रा महाग आहे!" ते काही बोलत नाहीत. यावरून तूच समज, की ते स्वखुशीने बसले आहेत. सक्ती असती तर एवढ्यात जिनिंग उभी राहिली नसती.

पहिल्या बैलाला त्यांचं रक्त टोचलं. दुसऱ्या दिवशी तोंडाला फेस येऊन मेला. साहेब म्हणतात, मात्रा जास्त झाली. आता दुसरा, एक लहान गोऱ्हा घेतला आहे.

देवराव

---

राजूर
१६ डिसेंबर १९६०, सकाळी

देवराव,

हे पत्र टपालात टाकत नाही. नजीर आला आहे, त्याच्या हाती देते. तो गाडी न भरता तसाच निघतो आहे. पत्र हातात पडेल तसा उभ्या उभ्या वाच आणि आधी ती कडी काढ.

तुझ्या भाऊजींच्या अंगात काही उरलेलं नाही. श्रावणातल्या त्या दिवसापासून नाही. पाठीत काहीतरी कायमचं मोडलं. लघवीतून रक्त जातं. डावा पाय ओढत चालतात. पाण्याची बादली त्यांना उचलत नाही, मी उचलते, तीही दार लावून, कोणी बघू नये म्हणून. खाणीत त्यांच्या टोळीतले गडी त्यांच्या वाटचे कोळशाचे डबे भरतात आणि वर यांच्या नावाने गजर करतात. कोणी कोणाला तसं सांगितलं नाही, आपसूकच सुरू झालं. हा माणूस उभा आहे म्हटलं की बाकीच्यांना खाली उतरायचा धीर येतो.

मी तुला 'ठणठणीत' लिहिलं ते खोटं. मला आवडत होतं ते, पोलादी उकंड्याची बायको म्हणून मिरवायला. बाया वाट सोडून उभ्या राहायच्या माझ्यासाठी. आता स्वतःचीच किळस येते.

तो स्वखुशीने बसलेला नाही रे गाढवा. त्याला उठता येत नाही.

इंदू

---

पांढरकवडा
१९ डिसेंबर १९६०

बाई,

भाऊजी तुझ्यापर्यंत पोचले, हे नजीरकडून कळलं. त्यांनी तुला काय सांगितलं, किती सांगितलं, मला ठाऊक नाही. ते स्वतःहून फार सांगणार नाहीत. म्हणून मी सगळं लिहितो. वाचवणार नाही, तरी वाच.

आधी माझं खोटं. ठेकेदार कोणी नाही. बैल मीच ओढतो. नोकरीच्या सुरुवातीला पहिला बैल मेला तेव्हा साहेब इथल्या वस्तीत जाऊन आले. कोणी आलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलेला आहेस. हे ढोर नाही, हा नमुना आहे." मी कोट काढून खुंटीला टांगला आणि दोर खांद्यावर घेतला. एकूण सात बैल. मागच्या खड्ड्यापर्यंत लाकडी ओंडके अंथरून, त्यांवरून. बाबांनी जे वस्तीसमोर जाळलं ते मी जिनिंगीच्या भिंतीआड करत होतो आणि तुला विज्ञान शिकवत होतो.

शुक्रवारी दुपारी नजीर आला. मी पत्र वाचलं आणि धावत जाऊन कडी काढली. बाई, चार-पाच दिवस मी आत गेलोच नव्हतो. साहेबच जायचे. मी नुसता दाराखालून पाणी आणि भाकर सरकवायचो. खोलीत कुजक्या सरकीचा आणि माणसाच्या घाणीचा वास एकत्र कोंडला होता. भाऊजी पोत्यावर एका कुशीवर पडले होते. दोन्ही दंड सुयांनी काळेनिळे झालेले, जखमांवर माश्या. एक माशी ओठावर होती आणि तिला हाकलायला त्यांचा हात उठत नव्हता. मी त्या माणसाकडे अकरा दिवस 'बाटली क्रमांक' म्हणून पाहिलं होतं.

मी एवढंच विचारू शकलो, "भाऊजी, दार काहून नाई तोडलं?"

ते म्हणाले, "दार तोडता आलं असतं त मी इथं आलोच कायले असतो रे? तुह्या सायबानं लिवलं होतं, थकल्या मानसाले उभा करतो म्हनून. म्हनलं, एकडाव पाहू. मंग दाराले कळी लागली. तू भाईरून हासत होता. सांगू कोनाले?"

नजीर आणि मी त्यांना धरून बाहेरच्या मोठ्या दालनात आणलं. तिथे तो गोऱ्हा मधोमध पडला होता. मरून दोन दिवस झाले होते. साहेबांनी तो हलवू दिला नव्हता, मेल्यावर रस कुठे जातो ते त्यांना बघायचं होतं. पोट फुगून टम्म झालं होतं, डोळ्यांच्या जागी अळ्या वळवळत होत्या. साहेब टेबलाशी उभे राहून सुई उकळत होते आणि दुसऱ्या हाताने पोहे खात होते. आम्हाला त्यांनी पुरतं पाहिलंही नाही. म्हणाले, "देवराव, दोर आण. हा हलव आता. आणि त्या माणसाला आडवा कर, आज पाठीच्या कण्यातून काढायचंय."

आणि माझा हात दोराकडे गेला. हे मी पोलिसांना सांगितलं आहे आणि तुलाही सांगतो. तुझं पत्र खिशात असताना, भाऊजींचा भार खांद्यावर असताना, नुसत्या सवयीने गेला. भाऊजींनी तो हात पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं.

त्यांनी आमचे खांदे सोडले आणि चालू लागले. दहा-बारा पावलं असतील. डावा पाय फरशीवर घासत होता. नजीर धरायला पुढे झाला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. साहेबांनी आता वर पाहिलं. हातातली सुई तशीच राहिली. त्यांच्या वहीत त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं ना, एका दंडात बारा माणसं! ते टेबलामागे सरकत म्हणाले, "हे बघ, हे बघ, तू मला मारू शकतोस, मी मोजलंय, मला मारू नकोस." त्यांचं धोतर पुढून ओलं झालं. पोहे अजून तोंडात होते.

भाऊजींनी त्यांच्या मानेवर हात ठेवला. तो हात थरथरत होता. मी अगदी जवळ होतो, मला दिसत होतं की तो हात आधारासाठी ठेवला आहे. काढला असता तर भाऊजी कोसळले असते. साहेबांना वाटलं, रागाने थरथरतो आहे.

भाऊजी म्हणाले, "दोर घे."

साहेबांनी घेतला.

"वढ. तुवा मारला, तूच उचल."

त्यांनी ओढला. मी एकट्याने ओंडक्यांवरून नेत असे, त्यांना ओंडके लावताही येत नव्हते. वीतभर सरके, की पाय घसरून पडत. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला गोऱ्ह्याचं पोट फुटलं. सगळं त्यांच्या अंगावर आलं, छातीवर, दाढीत. विज्ञानात काही घाण नसतं म्हणणारा माणूस लहान मुलासारखा किंचाळून ओकू लागला. त्यांनी तोंड फिरवलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "तिकळं नाई. इकळं पाह्य. रोज हाच पाहात होता ना?" मला त्यात जराही आनंद झाला नाही बाई. मला सगळ्यांचीच शिसारी आली, साहेबांची, गोऱ्ह्याची, माझ्या हातांची. फक्त भाऊजींकडे बघवत होतं.

उंबरठ्यापर्यंत नेल्यावर साहेबांनी दोर टाकला आणि तसेच अनवाणी, माखलेले, हैदराबाद रस्त्याकडे पळाले. एका ट्रकला लटकून गेले म्हणतात. ज्याला ते घाबरले त्याला त्या क्षणी एखाद्या पोरानेही ढकलून पाडलं असतं, हे त्यांना कधी कळणार नाही. ते रस्त्याच्या वळणावर दिसेनासे झाले आणि भाऊजी उभे होते तिथेच खाली बसले. मग आडवे झाले.

ठाण्यावर जाऊन मी जबानी दिली. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट बाटल्या दिल्या. सही केली. मलाही धरतील तर धरोत. बाबांनाही जाऊन सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून उठले आणि बाहेर जाऊन बसले.

भाऊजी जगतील ना? एवढंच कळव. बाकी मला काही लिहू नकोस.

देवराव

---

राजूर
२ फेब्रुवारी १९६१

देवराव,

जगले. वणीच्या दवाखान्यात महिनाभर होतो. एक वेळ अशी आली, की डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून माहेरचं कोणी आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. आता घरी आणलं आहे. काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येतात. खाणीवाल्यांनी दिवे वाटायच्या खोलीत बसकं काम देतो म्हटलं आहे.

तुझं पत्र मी दवाखान्याच्या पायरीवर वाचलं आणि तिथेच भिंतीशी जाऊन ओकले. गोऱ्ह्यामुळे नाही. 'माझ्या अक्षराची तारीफ केली' हे तुझं आधीच्या पत्रातलं वाक्य आठवलं म्हणून. तू काही वाईट मुलगा नाहीस. तसा असतास तर बरं झालं असतं, मला नुसतं संतापता आलं असतं. तू माझ्या कडेवर वाढलेला, वर्गात पहिला येणारा देवराव आहेस आणि तू माझ्या नवऱ्याचं रक्त बाटलीत भरून त्यावर वेळ लिहीत होतास. हे मला गिळता येत नाही.

मीही काही कमी नाही. मी खरं लिहिलं असतं तर तू त्यांना बोलावलं नसतंस. म्हणून घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी दारात जमलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं, की या माणसात आता ताकद नाही, लेकरं आणू नका. एक म्हातारी म्हणाली, "आमाले का मालूम नोहतं व माय?" म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लेकरं आणत होत्या आणि अजूनही आणतात.

तू यायचं म्हणतोस, असं नजीरने सांगितलं. मी यांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं खाली लिहिते. माझ्याकडून यात एक शब्द नाही.

"देवराव, जयभीम. तुवा कळी काहाळली हे मी इसरलो नाई. माह्या मनात तुह्याबद्दल राग नाई. पन एक हाय, ते तुले सांगतो, मागून समजलं त तुले जास्त लागन. तुह्या हातचं पानी मले आता पेववत नाई. दाराखालून येनारा तो हात डोयापुढं येते. लोकं आपल्या हातचं पानी पेत नोहते, तवा मी दात-ओठ खाये. आज माह्याच घशाखाली माह्याच सायाच्या हातचं पानी उतरत नाई. याची मले लई लाज वाटते. तरी तू ये. आला का माठातून गिलासभर पानी घे आन माह्यापुढं धर. मी त्वांड फिरवलं त उठून जाऊ नोको. धरून राह्य. मी पेऊन पाहीन."

इंदू